दत्तक नावाचा वर्ग

सुहासिनी मला पहिल्यांदा दिसली ती केवळ पावलांपुरती. वीज गेली होती, बॅटरीचा डबा टेबलाखाली केकाटत होता आणि त्याला गप्प करण्यासाठी मी गुडघ्यांवर रांगत खाली शिरलो होतो. संगणकाच्या खोलीत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढण्याचा आमच्या मालकांचा दंडक होता. त्यामुळे दारातून आत आलेली ती पावले अनवाणी होती आणि फरशीच्या गारव्याने त्यांची बोटे किंचित आक्रसली होती.

"कोणी आहे का जी? की मशीनच एकटं रडून राहिलंय?"

मी घाईने उठू लागलो आणि टेबलाची कड डोक्यावर आदळली.

"लागलं का हो?"

"नाही… म्हणजे, हो."

"काहीतरी एक ठरवा. बाबा म्हणाले होते, संगणकवाल्यांना सगळं होय किंवा नाही असंच लागतं."

मी वर पाहिले. खांद्याला कापडी पिशवी, उन्हाने लाल झालेला चेहरा, आणि हसू दाबण्यासाठी आत ओढून घेतलेला खालचा ओठ. मला बोलणे सुचले नाही. मला ते एरवीही सुचत नसे. पण त्या दिवशी त्या न सुचण्याला प्रथमच कारण मिळाले होते.

ती १९८९ सालची फेब्रुवारी अखेर. धरमपेठेतल्या एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत आमची लहानशी कंपनी होती आणि प्रोग्राम लिहिणारा मी एकटाच. आमच्या ज्ञातीच्या वधूवर सूचक मंडळाने स्थळांची जुळवणी संगणकावर करायचे ठरवले होते. मंडळाचे चिटणीस केशवराव हे तिचे वडील. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि महाल भागात भाड्याच्या तीन खोल्यांत राहणारे गृहस्थ. त्यांना जिना चढवत नसे, म्हणून मंडळाचे नियम मला समजावून सांगायला त्यांनी मुलीला पाठवले होते. तिने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले होते आणि नोकरीच्या शोधात होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. मग ती येणार नाही असा दिवस उरला नाही.

खालच्या टपरीवरचा रुपराव चहा घेऊन येई आणि दाराशीच थांबे, कारण चपला काढायचा त्याला कंटाळा.

"सायेब, चहा थंडा होऊन राहिला. काल तुमाले एक कप लागे, आज दोन लागते. मशीन बी प्याले लागलं का?"

"मशीन नाही हो रुपरावजी, मी पिते," सुहासिनी म्हणे. मी उगाचच पडद्याकडे पाहत बसे. पडद्यावर काहीही नसे.

मालकांच्या अमेरिकेतल्या मेहुण्याने एका नव्या भाषेच्या फ्लॉप्या पाठवल्या होत्या. त्या भाषेत प्रोग्राम वेगळ्या रीतीने रचावा लागे. आधी साचे करायचे, त्यांना वर्ग म्हणायचे, आणि एका वर्गातून दुसरा वर्ग उपजवायचा. मी एक मूळ वर्ग केला होता. त्याचे नाव स्थळ. त्यातून दोन वर्ग उपजवले, वधू आणि वर. तिला हे फार आवडले. खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली आणि तिच्या पदराला येणारा वाळ्याचा वास… की तो कूलरचा होता? मी ते कधीच ठरवू शकलो नाही.

"म्हणजे स्थळ या वर्गात जे लिहिलं, ते वधूला आणि वराला आपोआप मिळतं?"

"हो. पुन्हा लिहावं लागत नाही."

"वडिलांच्या नाकासारखं. हे पाहा, मी मागितलं होतं का हे नाक?"

"चांगलं आहे," मी म्हणालो, आणि माझे कान तापले.

"काय चांगलं आहे? वर्ग की नाक?"

मी वहीत एक चौकोन काढला आणि त्याच्या आत दुसरा चौकोन काढत राहिलो. तिने माझी ती अवस्था थोडा वेळ पाहिली आणि दयेने विषय बदलला.

"आणि ही वरची ओळ? एकटीच, मोठ्या अक्षरांत?"

"तो स्थिरांक. वर्गाचा स्थिरांक. वय, उंची, शिक्षण ही ज्याची त्याची असतात. स्थिरांक एकट्यादुकट्याचा नसतो, सगळ्या वर्गाचा असतो. एकदाच लिहायचा. मग प्रोग्राम चालू असताना तो कोणालाही बदलता येत नाही."

"हे तुम्ही आमच्या बाबांचं वर्णन करून राहिले!"

ती मोकळेपणाने हसली. मग पिशवीतून केशवरावांच्या सुवाच्य अक्षरातले नियम काढून वाचू लागली. वयातले अंतर थोडे इकडेतिकडे चालेल. उंचीचे चालेल. शिक्षण, नोकरी, गाव, सारे चालवून घेता येईल. एकच गोष्ट कोणत्याही कारणाने चालणार नव्हती: सगोत्र विवाह. त्या वाक्याखाली केशवरावांनी रेघ ओढली होती.

"हा घ्या तुमचा स्थिरांक," ती म्हणाली. "सगोत्र चालेल का? शून्य, म्हणजे नाही."

तो शून्य तिने सांगितला आणि मी लिहिला. कळफलकावर तो दाबताना माझ्या बोटाला काहीच जाणवले नाही.

मार्चमध्ये एका दुपारी अवचित आभाळ भरून आले आणि गारा पडू लागल्या. आम्ही दोघे गच्चीच्या दारात उभे राहिलो. समोरच्या घराच्या पत्र्यावर गारांचा असा गजर चालला होता की काहीही बोलले तरी ऐकू येणार नव्हते. भित्र्या माणसाला याहून अधिक काय हवे? मी तिच्याकडे पाहून, ओठ हलतील न हलतील असे, जे म्हणायचे ते म्हणून टाकले. ती वाकली, एक गार उचलली, माझा हात धरून ती तळव्यावर ठेवली आणि बोटे मिटवून दिली.

"वितळेपर्यंत मूठ उघडायची नाही," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली.

"आणि वितळल्यावर?"

"तेव्हाही नको."

त्या दिवसापासून आमच्यातला 'तुम्ही' गेला.

प्रोग्राम तयार झाला, तेव्हा तो तपासायला खोटी माणसे लागली. आम्ही ती हौसेने रचली. नंदनवन वस्तीतली एक काल्पनिक डॉक्टरीण आणि वर्ध्याचा एक काल्पनिक प्राध्यापक यांचे लग्न संगणकाने क्षणात जुळवले. सुहासिनीने टाळी वाजवली. मग आम्ही दोघांनीही एकाच वेळी एकमेकांकडे पाहिले. कारण दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती.

"तुझी माहिती तू भर," ती म्हणाली. "माझी मी भरते. पाहायचं नाही हं."

तिने भरली तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मी भरली तेव्हा ती रुपरावाशी बोलायला खाली गेली. ती वर यायच्या आत मी जुळवणी चालवली. पडदा कोरा राहिला. पुन्हा चालवली. पुन्हा कोरा. डॉक्टरीण आणि प्राध्यापक अजूनही जुळत होते. आम्हीच जुळत नव्हतो. तिला खालूनच घाईने महालात जावे लागले आणि मी एकटाच दुपारभर चूक शोधत बसलो. एकेक ओळ तपासली. वयाची तुलना बरोबर होती, उंचीचीही. दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा माझा चेहरा पाहून दारातच थबकली.

"काय झालं रे? कोणी रागावलं का?"

"चूक सापडत नाहीये."

"एवढंच? एका चुकीपायी इतकं तोंड पाडून बसलास?"

"एवढंच नाही…" मी म्हणालो. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे वाक्य मधेच तुटले नाही. "आपण दोघं जुळायला हवं होतं. मला त्याची खात्री होती, सुहास. बाकी कशाची नसेल, पण याची होती."

ती जवळ आली आणि खुर्चीच्या पाठीवरच्या माझ्या हातावर तिने आपला हात ठेवला. तसाच ठेवून ती पडद्याकडे वाकली. हसत हसतच तिने आधी माझी माहिती वाचली, मग स्वतःची. हसू ओठांवर राहिले, पण डोळ्यांतून निघून गेले.

"गिरिधर… तुझं गोत्र कौंडिण्य?"

"हो."

"माझंही."

आमची आडनावे वेगळी होती, गावे वेगळी होती. आठवणीतल्या कोणत्याही पिढीत आमच्या घरांचा एकमेकांशी संबंध आला नव्हता. तरी कधी काळी होऊन गेलेल्या एका ऋषीचे नाव दोन्ही घरांत बापाकडून मुलांकडे उतरत आले होते.

"चूक नाहीये," ती खुर्चीत बसत म्हणाली. "प्रोग्राम बरोबर आहे. सगळ्यांत वाईट तेच आहे."

मी मागणी घालायला महालात गेलो, तेव्हा केशवराव रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी मला समोर बसवले, पाणी दिले, आणि बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"मुलगा तू चांगला आहेस," ते म्हणाले. "नाकारावं असं तुझ्यात काही नाही. कायदाही आड येत नाही, मला ठाऊक आहे. पण तू घरात आलास की माझ्या मनात पुतण्या आला असंच येतं. तुझ्या तोंडून सुहासचं नाव निघालं की… मी काय करू? मी मुद्दाम करत नाही रे."

त्या घरात केशवरावांच्या थोरल्या भावाच्या विधवा पत्नी यमुताई राहत. सुहासिनीची आई ती चालू लागण्याआधीच गेली होती. काकूंनीच तिला वाढवले. त्यांना गुडघ्यांचा त्रास होता आणि जिभेला कोणताच त्रास नव्हता. मला त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "काहून रे, पोळी समोर ठेवून बसलास? की हिच्याकडे पाहूनच पोट भरून राहिलं तुझं?"

त्या दिवशीही काकू आतून भिंतीला धरत बाहेर आल्या.

"केशव, नियम तुझे, तर वाट पण तुझ्याच नियमातून काढते मी. मौद्याच्या मधुसूदनला बोलाव."

मधुसूदनमामा म्हणजे सुहासिनीच्या आईचे भाऊ, मौद्याच्या शाळेत मास्तर. त्यांचे गोत्र वसिष्ठ. अशा प्रसंगी मुलगी मामाला दत्तक देण्याची जुनी रीत आहे. कागदोपत्री नव्हे, विधीपुरती. तिचे गोत्र बदलते आणि कन्यादान मामा करतो. मामा रविवारी मौद्याच्या बसने आले ते पेढे घेऊनच.

"अरे बावा, एवढंच ना? द्या मले पोरगी! सिंधू तर वाटच पाहून राहिली. आम्हाला लेकरू नाही. देवाने उशिरा दिलं, पण एम.एस्सी. झालेलं दिलं!"

सगळे हसले. केशवरावही हसले. मी घरी आईला, सुभद्राबाईंना, विचारले. आई मला वाढवताना फार सोसलेली, थोडे बोलणारी. ती म्हणाली, "गोत्र बदलत असेल तर माझी ना नाही. पण बदललं पाहिजे, गिरिधर. नावापुरतं नको."

चैत्रातल्या एका सकाळी महालातल्या त्या घरात विधी झाला. केशवरावांनी मुलीचा हात मामांच्या हातात दिला आणि त्यावर पाणी सोडले. 'दिली' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज कुठेही अडखळला नाही. फक्त नंतर ते न्हाणीघरात गेले आणि पुष्कळ वेळ बाहेर आले नाहीत. लग्नाची तारीख वैशाखात, मौद्याला, मामांच्या दारी ठरली.

त्या आनंदात मी प्रोग्रामकडे वळलो. अशी दत्तक मुलगी उद्या आणखी एखाद्या घरी असेल. तिच्यासाठीही सोय हवी. मी वधू या वर्गातून आणखी एक वर्ग उपजवला आणि त्याचे नाव ठेवले दत्तक. गोत्राच्या रकान्याला हात लावला नाही, कारण केशवराव म्हणाले होते की जन्माचे गोत्र नोंदीत तसेच राहील, फक्त आडकाठी उठेल. म्हणून दत्तक या वर्गात मी तोच स्थिरांक त्याच नावाने पुन्हा लिहिला आणि या वेळी शून्याच्या जागी एक घातला. सुहासिनीला शेजारी बसवून जुळवणी चालवली.

पडदा कोरा राहिला.

"हे काय?" ती म्हणाली. "एक लिहिलास ना?"

मी ओळी वरखाली फिरवल्या आणि थोड्या वेळाने उमगले. ती चूक मी करायला नको होती.

"जुळवणीची कृती मी मूळ वर्गात लिहिली आहे, स्थळमध्ये. दत्तक वर्गाला ती वारशाने मिळते. पण कृती जिथे लिहिली गेली, तिथलाच स्थिरांक ती वाचते. खाली त्याच नावाचा दुसरा ठेवला, तरी तिला तो दिसत नाही."

"म्हणजे दत्तकमध्ये एक आहे…"

"आहे. खोटा नाही तो. त्याच वर्गात नव्याने लिहिलेल्या ओळींना तो दिसतो. जुन्या ओळींना नाही."

"मग?"

"मग जुळवणी दत्तकसाठी नव्याने लिहायची. सोपं आहे ते. अर्धा दिवस लागेल."

मी खरोखरच अर्ध्या दिवसात ती लिहिली आणि आमची दोन नावे पडद्यावर एकाखाली एक उमटली. मला वाटले होते, ती टाळी वाजवेल. तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि ती नावे नुसती पाहत राहिली.

"जुन्या ओळी किती असतील रे एका माणसात?" तिने विचारले.

मला ते तिचे नेहमीचे थट्टेचे बोलणे वाटले.

लग्नाला आठवडाही उरला नसताना यमुताई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. घाटावरून परतल्यावर गुरुजींनी केशवरावांना बाजूला घेतले. घराला दहा दिवसांचे सूतक होते; पण दत्तक दिलेल्या मुलीला ते लागत नव्हते. मामांचे कूळ वेगळे, आमचेही वेगळे. शास्त्राप्रमाणे लग्नाला अडचण नव्हती. केशवराव विधीत नसते, इतकेच. ते तर आधीच ठरले होते.

दुसऱ्याच सकाळी त्यांनी स्वतः मुलीला मौद्याच्या बसमध्ये बसवून दिले. मी तिथे होतो.

"तुला सूतक नाही," ते खिडकीच्या गजांना धरून तिला सांगत होते. "मामाच्या घरी जा. देवापुढे दिवा लाव. हळद लागू दे. मी नियमाबाहेरचं काही सांगत नाहीये, बाळ. नियमातलंच सांगतो आहे."

ती मान हलवत होती. तिचे केस तिने विंचरले नव्हते.

त्यानंतर दोन दिवसांनी आईला घेऊन मी मौद्याला गेलो. लग्नाआधी सुनेची ओटी भरायची होती. बाहेर ऊन असे की डांबरावर पाण्यासारखे काही हलत होते. मामांनी ओसरीवर आमचे स्वागत केले. नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात, फारच मोठ्या आवाजात.

"या, या! विहीणबाई, तुमच्या मुलाने उन्हालाही घाबरवलं म्हणायचं!"

पण मी आत पाहिले होते. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात एक चटई होती, शेजारी वेगळे ठेवलेले ताट आणि तांब्या होता. माझ्या आईनेही ते पाहिले असावे.

सिंधूमामींनी देवघरासमोर पाट मांडला, रांगोळी काढली. समईत तेल होते, वात होती. त्यांनी काडेपेटी पुढे केली. त्यांचा आवाज विलक्षण मऊ होता.

"सुहास, ये गं. समई लाव. मग विहीणबाई ओटी भरतील."

सुहासिनी देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते. मला तिच्या पाठीमागचे ते हात दिसत होते. एकाने दुसऱ्याचे मनगट असे घट्ट आवळले होते की बोटे पांढरी पडली होती.

"ये ना," मामी पुन्हा म्हणाल्या. "एक काडी ओढायची, बस."

"उन्हाने घेरी आली असेल तिला," मामा म्हणाले. "पाणी दे गं तिले. पोरगी काल धड जेवलीही नाही…"

तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. लाव, अशी विनवणी होती ती. एका काडीचा प्रश्न होता. ती पुढे झाली, उंबऱ्याशी आली, पाऊल उचलले… आणि पाऊल तिथेच थांबले. जणू तिथे भिंत होती आणि ती आम्हाला दिसत नव्हती.

"मामी, मला शिवायचं नाही," ती म्हणाली. "मला सूतक आहे."

त्या खोलीत या वाक्याचा अर्थ न कळणारे कोणीही नव्हते: गोत्र बदललेच नव्हते. मामींनी काडेपेटी हळूच पाटावर ठेवली. मामा भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे वळले आणि तिथेच पाहत राहिले. माझ्या आईने ओटीचे तांदूळ आणि खण पुन्हा पिशवीत भरले. तिला राग आला नव्हता. जाताना तिने सुहासिनीच्या गालावरून हात फिरवला.

"खोटं बोलली नाहीस, पोरी. ते बरं केलंस," ती म्हणाली आणि उन्हात जाऊन उभी राहिली.

मागच्या अंगणात लिंबाखाली आम्हा दोघांना थोडा वेळ मिळाला. मी एरवी कधी बोललो नसेन इतके बोललो. दहा दिवस जाऊ दे; पुढची तारीख काढू. आई नाही म्हणाली तर नोंदणी करू. कायदा आड येत नाही.

"कायदा नाही येत, गिरिधर. मी येते."

"एका दिव्यासाठी?"

"दिव्यासाठी नाही रे." तिने खाली पडलेली एक निंबोळी उचलली आणि नखाने सोलत राहिली. "काकूने मला घास भरवले. आणि ती गेली तेव्हा मला काहीच लागत नाही, असं मी कशी म्हणू? मी ठरवून नाही केलं. इथे आले त्या दिवशी मामीने जेवायला हाक मारली आणि मी माझं ताट घेऊन बाजूला बसले. माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. जमिनीवर झोपले. देवाकडे पाठ करून झोपले. हे मला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"बाबा तर उलट सांगत होते." तिने सालपट खाली टाकले. "आणि मग मी त्या चटईवर बसून तुझा विचार केला. रोज करते तसाच. पण त्या घरची म्हणून बसले होते ना… तर बाबांना जसं वाटतं, तसं मला एक क्षण वाटलं, की तू भाऊ आहेस. एकच क्षण. मला ओकारी आली. हे सगळं निरर्थक आहे, मला कळतं. मी गणित शिकलेली आहे. पण तो क्षण पुन्हा कधी येणार नाही, असं मला तुला सांगता येत नाही. एकेक गोष्ट मला नव्याने लिहावी लागेल. जेवायचं कसं, रडायचं कोणासाठी. आणि ते लिहून होईपर्यंत तू माझ्या दारात उभा राहशील, मूठ मिटून. तुला मी ओळखते. तू उभा राहशील."

"राहीन," मी म्हणालो.

"म्हणूनच नको."

ती रडली नाही. सोललेली निंबोळी तिने तोंडात टाकली, तिची गोडसर कडू चव लागताच तोंड वाकडे केले आणि क्षणभर अगदी पूर्वीसारखी दिसली. मग मामींची हाक आली आणि ती आत गेली. उंबरा टाळून, बाजूच्या दाराने.

काकूंच्या तेरवीला, तेराव्या दिवसाच्या जेवणाला, केशवरावांनी मला स्वतः येऊन बोलावले. जिना चढून आले होते. बराच वेळ धापा टाकत होते. "ये," एवढेच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मला नको असलेले प्रेम होते, आणि ते खरे होते.

महालातल्या त्या घराच्या गच्चीवर मांडवाखाली पंगत बसली. घरची माणसे वाढत होती. मी शेवटच्या पाटांपैकी एकावर बसलो आणि मान वर केली नाही. वरण आले, भाजी आली. मग माझ्या पानाशी दोन पावले येऊन थांबली. हातात बुंदीचे पातेले होते.

"घे," सुहासिनी म्हणाली.

"नको."

"तेरवीचं गोड नाकारायचं नसतं. आजपासून घराने दुःख धरायचं नसतं."

"तुझं दुःख सरलं?"

तिने वाकून पळीभर बुंदी माझ्या पानावर वाढली. थोडी बाहेर सांडली, तीही एकेक कळी उचलून पानात ठेवली. तेवढा वेळ तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. पलीकडून कोणी म्हातारे गृहस्थ ओरडले, "अहो, बुंदी इकडे येऊ द्या जी!"

"आले जी," ती म्हणाली आणि उठली.

मी घास तोंडात घातला. तो गोड होता. तो गिळला जाईपर्यंत ती पंगतीच्या दुसऱ्या टोकाशी पोचली होती, आणि माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या कुणाला आग्रह करत होती.